जेवणाचं लोखंड

आमच्या तेतेसमोर रिकाम्या ताटलीवर चमचा वाजवायची कुणाची छाती नव्हती. माझा नातू एकदा वाजवत बसला, तर एवढी म्हातारी बाई चुलीजवळून ताडकन उठली, त्याच्या हातातली ताटली हिसकावली आणि थेट केळीत भिरकावून दिली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. मी म्हटलं, "अहो तेते, लहान आहे तो, त्याला काय कळतंय!" तर माझ्यावरच डाफरली, "कळत नाही म्हणूनच आत्ता शिकव, एस्नाथ. तुझ्या घरात कुणाला जेवायला बोलवायचं असेल तर तोंडानं बोलवायचं."

तेते म्हणजे नवऱ्याची बहीण. आमच्या होंडे खोऱ्यात सासू एक वेळ परवडते, तेते परवडत नाही. माझ्या या तेतेचं नाव मुचानेता. मागच्या हिवाळ्यात ती गेली. तिला पुरायला साहविरा आला नाही, घरातल्या पोरांनीच खड्ड्यात उतरून तिला ठेवलं. गावात कुजबुज झाली, एवढ्या मोठ्या घराला साहविरा नाही म्हणजे काय! कुजबुजू देत मेले. त्यांच्यातल्या अर्ध्यांना सगळं ठाऊक आहे, आणि उरलेल्यांना मी आज सांगते.

साहविरा रक्ताचा नसतो. दोन घराण्यांची पिढ्यानपिढ्यांची दोस्ती असते, आणि दोन्ही घरचे लोक एकमेकांना साहविराच म्हणतात. साहविरा दारात उभं राहून टाळ्या वाजवत, येऊ का विचारत बसत नाही. सरळ आत येतो, भांड्यात हात घालतो, खातो. तुमच्या बापाला गाढव म्हणाला तरी तुम्ही हसायचं. त्याच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, ते खरंही धरायचं नाही. आणि माणूस मेलं की तोच हवा. तो आल्याशिवाय मयत घरातून हलत नाही. मेलेल्याचा कोट अंगात चढवून तो त्याची चाल, त्याचा खोकला, त्याच्या खोड्या यांची नक्कल करतो, रडणाऱ्यांना हसवतो. शेवटी खड्ड्यात उतरून देह आपल्या हातांनी ठेवतो तोही तोच.

आमच्या घराचा साहविरा झिवानाय. माझे सासरे वारले तेव्हा यानंच त्यांना पुरलं. त्यांच्या शिंकण्याची अशी नक्कल केली होती त्यानं, की तेते मयताच्या उशाशी बसून रडता रडता फिदीफिदी हसायला लागली. तिचा त्याच्यावर भारी जीव. माझी सासू धाकट्या दिराच्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून तो दीर, तोगारेपी, तेतेच्याच पाठीवर बांधलेला वाढला. तेतेचा नवरा दूर खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. मग या बाईला जगात होतं कोण? माझा नवरा होता, पण तो मुखदुर्बळ. बाकी पाठीवरचा हा भाऊ आणि दारात येऊन टवाळी करणारा हा साहविरा.

लढाई पेटली तेव्हा गोऱ्यांच्या सरकारनं आमच्या खोऱ्यातली गावं उचलून तारेच्या कुंपणात घातली. तरणी पोरं नदी ओलांडून पलीकडच्या देशात पळाली. तोगारेपी गेला, झिवानायही गेला. आणि मग एके दिवशी तेतेनं डोक्यावर गाठोडं घेतलं. मी म्हटलं, "तुम्ही कुठे निघालात? तुम्हाला काय बंदूक चालवता येते?" तर म्हणाली, "बंदूक चालवणारे खूप आहेत. तिकडे माझ्या भावाला जेवू कोण घालणार?"

नदीपलीकडे न्यामुरोरा म्हणून तळ होता. नाव लढवय्यांचा तळ, पण बंदुका मोजक्या. बाकी सगळी पळून आलेली माणसं, शाळा सोडून आलेली पोरंपोरी, पोटुशा बाया, हिवतापानं कुडकुडणारे म्हातारे. तेते तिथे स्वयंपाकीण झाली. तेलाची पिंपं अर्धी कापून त्यांत ती साद्झा घोटायची. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा घोटायला वल्ह्याएवढं लाकूड लागायचं. शेजारच्या झाडाला नांगराचं एक तुटकं लोखंड टांगलं होतं. जेवण झालं की तेते ते बडवायची. आधी सावकाश, मग तव्यावर मका फुटावा तसं घाईघाईनं, मग थांबायची, आणि सगळे आले असं वाटलं की शेवटी एकच ठोका मारायची. तो ठोका मागे राहिलेल्यांसाठी. विमानाची चाहूल लागली तर शिट्टी, आणि शिट्टी ऐकली की झाडीत पळायचं. लोखंड वाजलं की मात्र ताटली घेऊन मोकळ्यावर यायचं. लहान पोरालाही हे पाठ होतं.

लोखंड वाजलं की सगळ्यात पुढे तोगारेपी. ताडमाड वाढलेला, नुसती भूक अंगात भरलेली. झिवानाय बाजूला उभा राहून चिडवायचा, "आला बघ आपला रेडा! मुचानेता, याला जन्माला घातलं तुझ्या आईनं, पण पोसायला ठेवलं अख्ख्या फौजेला."

"तुझं काय जातं रे मुडद्या? तू तर ताटली न घेताच जेवतोस."

"साहविराला कशाला हवी ताटली? उद्या मेलीस की तुला उचलायचंय मला. अंगात जोर नको?"

"मीच तुला आधी पुरते की नाही बघ."

"पुर. पण याला कोण पुरणार? याच्यासाठी हत्तीएवढा खड्डा लागेल." मग तोगारेपीच्या पाठीत गुद्दा घालून म्हणायचा, "घाबरू नकोस, मी आहे. तुला मीच ठेवीन."

तेते हे सांगायची तेव्हा त्याच्या आवाजात सांगायची. नक्कल तिलाही येत होती. कधीकधी तिच्या हातातलं लाकूड ओढून घेऊन लोखंडही तोच बडवायचा, शेवटच्या त्या ठोक्यासकट, अगदी तिच्यासारखं. लोक म्हणायचे, आज कोण वाजवतंय ते सांगून दाखवा. कुणाला सांगता यायचं नाही.

मग एका कामगिरीवर तो नदीच्या अलीकडे आला आणि परत गेलाच नाही. बरोबरचे परतले, हा नाही. मेला म्हणावं तर देह नाही. तेते रोज त्याच्या वाट्याचा गोळा पानात झाकून ठेवायची आणि सकाळी स्वतः शिळा खायची. आजही ते आठवलं की माझं टाळकं सरकतं. ज्यानं केसानं गळा कापला, त्याच्यासाठी ही बाई जेवण झाकून ठेवत होती!

कोरड्या दिवसांत, सकाळची उन्हं अंगावर घेत लोक बसले होते तेव्हा लॉऱ्या आल्या. त्यांच्यावर त्या देशाच्याच फौजेचा रंग, माणसांच्या अंगावर त्यांचेच कपडे. पहाऱ्यावरच्या पोरांनी अडसर वर केला. अशा लॉऱ्या नेहमी यायच्या, मीठ आणायच्या, जुने कपडे आणायच्या. लॉऱ्या लांबच्या कडेला ओळीनं उभ्या राहिल्या. पहिल्या लॉरीतून उतरला झिवानाय.

तेतेनं त्याला पाहिलं आणि हातातलं लाकूड टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला वाटलं, तो जिवंत आहे यापेक्षा आपल्याला आणखी काय हवं! तो सरळ चुलीशी आला, पिंपात हात घातला, घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "अजूनही मीठ नाहीच तुझ्या हाताला."

"कुठे मेला होतास रे? जेवण झाकून झाकून माझा जीव गेला!"

"सांगतो नंतर. आधी पाणी आण. एवढी माणसं आलीत, ती जेवतील."

"पिंप भरलेलं आहे की."

तर त्यानं काय करावं? पाण्याच्या पिंपाला लाथ मारली. पिंप आडवं झालं, तेतेच्या पायांखाली चिखल झाला, आणि हा दात काढत म्हणाला, "आता नाहीये. जा पाण्याला."

साहविरा आहे, त्याचा राग कसला धरायचा? तेतेनं त्याला पोटभर शिव्या दिल्या, डबे उचलले आणि नदीची वाट धरली. अर्ध्या वाटेत तिच्या कानावर लोखंड आलं. सावकाश, मग घाईघाईनं, मग थांबून शेवटचा ठोका. ती मनात म्हणाली, मेल्यानं जेवण व्हायच्या आधीच बडवलं, आता ही माणसं माझं डोकं खातील. त्या शेवटच्या ठोक्यानंतर बंदुका सुरू झाल्या.

लॉऱ्यांमध्ये गोरे होते, तोंडाला काळं फासून बसलेले. मोकळ्यावर ताटल्या घेऊन उभी असलेली माणसं त्यांनी कापून काढली. विमान नाही, शिट्टी नाही, झाडीत पळायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जेवणाच्या ओळीत उभं राहिलेलं माणूस पळणार कशाला? तेते डबे टाकून माघारी धावली, तर कुणीतरी तिला काठावरच्या लव्हाळ्यात ओढून दाबून धरलं. लॉऱ्या गेल्यावर तिनं तोगारेपीला शोधला. लांब शोधावं लागलं नाही. तो सगळ्यात पुढेच होता.

त्याला पुरलं ते मशीननं खणलेल्या एका लांब चरात, सगळ्यांच्या बरोबर. ना कुणी त्याची नक्कल केली, ना कुणी हातांनी ठेवलं. तेते चराच्या काठावर बसून राहिली. तेते सोडून झिवानायला लॉरीतून उतरताना, लोखंडाशी उभं राहिलेलं ज्यांनी पाहिलं, ते सगळे त्या चरात होते. वाचलेले सगळे झाडीतले, नदीवरचे, आजारी म्हणून झोपलेले. त्यांनी फक्त आवाज ऐकला होता.

लढाई संपली, झेंडा बदलला, आम्ही कुंपणातून आपापल्या शेतावर परतलो. तेते परत आली. आणि काही महिन्यांनी झिवानायही आला! पाठीवर वळ, एक पाय ओढत. सांगत होता, गोऱ्यांनी पकडलं, न्यामुरोरा पडला तेव्हा मी तुरुंगात होतो. बायका त्याच्या पाठीवरून हात फिरवून रडल्या. त्यानं तेतेला पाहिलं आणि म्हणाला, "साहविरा, तू वाचलीस!" आनंद झाल्यासारखंच म्हणाला. तेते त्याच्याकडे बघतच राहिली.

मग तिनं सांगितलं. आधी माझ्या नवऱ्याला, मग मुखियाला, मग लढाईतून आलेल्या एका पुढाऱ्याला. तिला दुसरं काही नको होतं. त्याला फाशी नको, त्याच्याकडून गुरंढोरं नकोत. लोखंड कुणी वाजवलं, एवढं चारचौघांनी मान्य करावं, बस्स. पुढारी म्हणाला, "हे शत्रूनं उठवलेलं असतं, आई. आपल्यात फूट पाडायला." मुखियानं विचारलं, "बरं, सगळे मेले. मग तू कशी वाचलीस?" तेते म्हणाली, "त्यानं मला पाण्याला पाठवलं." मुखियानं नुसत्या भुवया वर केल्या. त्या दिवसापासून गावात अर्धे लोक तिच्याकडेच वेगळ्या नजरेनं बघायला लागले. म्हणजे भाऊही गेला आणि वर हे! माझा नवरा खाली मान घालून पायानं माती उकरत बसला होता. मी त्याला घरी आल्यावर असं झाडलं, असं झाडलं, पण काय उपयोग?

मग आमच्याकडे नाचणीच्या बिअरचा बेत होता. अख्खी वाडी अंगणात. झिवानाय आला, नेहमीसारखा सरळ आत, भांड्यातून घोट घेतला. तेते उभी राहिली. तिनं हात वर केला, सगळे गप्प झाले. ती म्हणाली, "या माणसानं आम्हाला विकलं. यानं लोखंड वाजवलं आणि माझा भाऊ मारला."

आणि मग एक म्हातारा खो खो हसला. "वा गं साहविरा! असं हवं!" लागले की सगळे हसायला! साहविरानं साहविराला चोर म्हणावं, खुनी म्हणावं, लोकांना त्यात गंमतच वाटणार. आणि झिवानाय काय म्हणाला? भांडं खाली ठेवून, मांडीवर थाप मारून म्हणाला, "विकलंच तर! अगं, पण गिऱ्हाईकानं तुला घेतलंच नाही. म्हणाला, हिच्या हाताला मीठ नाही, राहू दे तिला पाण्यावर!"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगते, मीही हसले असते, पण मी तेतेच्या शेजारी उभी होते आणि तिचा हात माझ्या हातात होता. त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि कबूल करूनच तिचं तोंड कायमचं बंद केलं होतं. आमचीच रीत त्यानं तिच्या तोंडात कोंबली.

त्यानंतर ती चारचौघांत त्याच्याविषयी बोलली नाही. त्यानं मक्याची गिरणी टाकली. पैसा कुठून आला ते कुणी विचारलं नाही. सगळं गाव तिथे दळायला. तेते मात्र उखळात कांडायची. कांडून कांडून तिचे खांदे गेले. मी म्हणायची, "तेते, मी माझ्या नावानं दळून आणते, कुणाला कळणार आहे?" तर म्हणायची, "माझ्या घशाला कळेल." ताटली वाजवलेली तिला चालेना ती न्यामुरोराहून परतल्यापासून. अशी वर्षं गेली. आम्ही म्हातारे झालो, माझा नवरा वारला. त्याला पुरायला झिवानाय आला, तेव्हा तेतेनं त्याला फाटकातूनच माघारी लावला, खड्ड्यात त्याचा थोरला मुलगा उतरला. गाव म्हणालं, म्हातारी चळली.

आणि मग तोच मेला. पोटात काहीतरी झालं होतं, महिनाभर लोळत होता. थोरला मुलगा आमच्या दारात येऊन खाली बसला, मयताची खबर देताना वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. म्हणाला, "साहविरा, बाबा गेले. तुम्ही आल्याशिवाय हलवता येत नाही." मला वाटलं, आता ही याला हाकलणार. पण ती शांतपणे म्हणाली, "येते. मी त्याला सांगितलंच होतं, तुला आधी पुरीन म्हणून."

मयताचं घर माणसांनी फुललं होतं. मांस शिजत होतं, साद्झा घोटला जात होता. तेतेनं झिवानायचा कोट मागून घेतला, त्याची टोपी घातली आणि एक पाय ओढत अंगणात आली. हुबेहूब तो! लोकांनी टाळ्या पिटल्या. ती चुलीशी गेली, भांड्यात हात घातला, घास खाल्ला आणि त्याच्या आवाजात म्हणाली, "अजूनही मीठ नाहीच." हशा. एका सुनेनं कौतुकानं आरोळी ठोकली. मग तिनं पाण्याच्या पिंपाला लाथ मारली. म्हातारीच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, पिंप आडवं झालं. "जा पाण्याला!" लोक लोटपोट.

गिरणीचं एक जुनं पातं भिंतीला टांगलेलं होतं, गिऱ्हाईकाला बोलवायला. तेतेनं लाकूड उचललं आणि बडवलं. सावकाश. मग घाईघाईनं. मयताच्या घरी जेवणाची वेळ झालेलीच होती, लोक हसत हसत ताटल्या घेऊन उठले आणि ओळीत उभे राहिले. ती थांबली. सगळ्यांकडे एकदा बघितलं. आणि शेवटचा ठोका मारला.

मग ती ओळीतल्या पहिल्या माणसासमोर गेली. उंच, तरणा, कुणाचा तरी जावई. त्याच्या छातीवर हात ठेवून आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "इथे तोगारेपी होता."

कुणी हसलं नाही. एकजण उगाच हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. तेवढ्यात घरातून झिवानायची बायको केरिना बाहेर आली. विधवेनं अशा वेळी चटई सोडायची नसते, ती सोडून आली. भिंतीला धरून म्हणाली, "हे... हे तो झोपेत वाजवायचा. बोटांनी, चटईवर. रोज. शेवटचा ठोका असाच, थांबून. मी विचारलं की म्हणायचा, स्वप्नात भूक लागते."

कुणाच्या हातातून ताटली पडली. मुखिया, तोच मुखिया, आता पार वाकलेला, जमिनीकडे बघत राहिला. म्हटलं ना, अर्ध्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी कळलं.

थोरला मुलगा रडत पुढे आला. "साहविरा, जे झालं ते झालं. खड्डा तयार आहे. तुम्ही उतरल्याशिवाय बाबांना ठेवता येणार नाही."

तेतेनं कोट काढला, नीट घडी केला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाली, "माझ्या भावाला ठेवायला कोण उतरलं होतं रे? तुझा बाप म्हणाला होता, मी ठेवीन. जेवणाच्या ओळीत उभा करून ठेवला." मग खाली वाकून तिथली रिकामी बादली उचलली. "तुझ्या बापानं मला पाण्याला पाठवलंय. मी अजून परत आलेली नाही."

आणि ती नदीच्या वाटेनं चालू लागली. मी तिच्या मागे. कुणी अडवलं नाही. ऊन उतरेपर्यंत वाट पाहून शेवटी मुलांनीच बापाला खाली ठेवला असं ऐकलं. दोन घरांमधलं ते जुनं नातं त्या दिवशी तुटलं, म्हणून मागच्या हिवाळ्यात तेतेला पुरायला कुणी आलं नाही.

नदीवरून तिनं बादली भरून आणली, आमच्या अंगणात चूल पेटवली आणि साद्झा घोटला. मला हात लावू दिला नाही. झाल्यावर ती दारात उभी राहिली आणि एकेकाचं नाव घेऊन जेवायला हाका मारायला लागली, तोंडानं. सगळ्यात आधी तोगारेपीला.